आधी आकार, मग सूत्र

भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये ‘लीलावती’ लिहिली. त्या ग्रंथात घनफळाशी संबंधित प्रकरणांची नावे कामांवरून दिलेली आहेत. खातव्यवहार म्हणजे खोदकामाचा हिशोब, चितिव्यवहार म्हणजे विटांच्या रचाईचा, क्रकचव्यवहार म्हणजे करवतीने लाकूड चिरण्याचा आणि राशिव्यवहार म्हणजे धान्याच्या राशीचा. विहीर खोदणारा, भिंत रचणारा, लाकूड कापणारा आणि खळ्यावर धान्य मोजणारा, अशा चौघांचे गणित तिथे स्वतंत्रपणे मांडले आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. क्षेत्रफळ आणि घनफळ यांचे कामाशी असलेले नाते आपल्या मुलखात इतके जुने आहे.

शाळेत आपण हाच विषय उलट्या टोकाने शिकतो. लांबी गुणिले रुंदी, पाय आर वर्ग, एक तृतीयांश पाय आर वर्ग एच अशी सूत्रे आधी पाठ होतात आणि ती वापरायची कुठे, हा प्रश्न मागे राहतो. कामाच्या जागेवर सूत्र हा सर्वांत सोपा भाग असतो. ते मोबाइलवरही सापडते. चुका होतात त्या तीन ठिकाणी: समोरच्या वस्तूचा खरा आकार ओळखण्यात, एकक लिहिण्यात आणि मोजलेली वस्तू सैल आहे की दाबलेली, ओली आहे की कोरडी, हे ध्यानात घेण्यात. या प्रकरणात आपण हीच तीन ठिकाणे नेहमीच्या कामांमधून पाहणार आहोत.

चार बाजूंची जमीन

प्लॉट चौकोनी असला की मोजणे सोपे, असा समज आहे. चारही बाजू टेपने मोजायच्या, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा, ही रीत गावोगाव चालते. चारही कोन काटकोन असतील तरच ती बरोबर उत्तर देते. एरवी ती नेहमी जास्त क्षेत्रफळ दाखवते, कधीच कमी दाखवत नाही. विकणाऱ्याला ती फायद्याची आणि घेणाऱ्याला तोट्याची असते.

एक उदाहरण घेऊ. प्लॉटच्या बाजू क्रमाने १२०, ९०, १३० आणि १४० फूट आहेत. सरासरीच्या रीतीने १२० आणि १३० ची सरासरी १२५, ९० आणि १४० ची ११५. गुणाकार १४,३७५ चौरस फूट. आता त्याच प्लॉटचा एक कर्ण मोजू. १२० आणि ९० च्या बाजू जिथे मिळतात त्या कोपऱ्यासमोरचा कर्ण १५० फूट भरला. म्हणजे प्लॉटचे दोन त्रिकोण झाले: एक ९०, १२०, १५० चा आणि दुसरा १३०, १४०, १५० चा. पहिला काटकोन त्रिकोण आहे, त्याचे क्षेत्रफळ ५,४०० चौरस फूट. दुसऱ्यासाठी तिन्ही बाजूंच्या बेरजेचे अर्धे घ्यायचे: २१०. त्यातून एकेक बाजू वजा केली की ८०, ७० आणि ६० उरतात. २१०, ८०, ७० आणि ६० यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ ८,४००. दोन्ही मिळून १३,८०० चौरस फूट. सरासरीने ५७५ चौरस फूट जास्त दाखवले होते, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून अधिक जमीन कागदावरच निर्माण झाली होती.

चार बाजू ठरल्या तरी चौकोन ठरत नाही. बिजागऱ्यांनी जोडलेल्या चार पट्ट्या बाजूने दाबल्या की लांबी तीच राहते, पण आतली जागा कमी होत जाते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त यावर फार कडक शब्द वापरले आहेत: लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटले आहे आणि त्याला उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे पिशाच. जमीन मोजताना एक कर्ण मोजायचाच, हा नियम तेव्हापासून बदललेला नाही.

खोलीचा पाया आखतानाही हाच नियम उपयोगी पडतो. गवंडी एका बाजूवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करतो आणि दोन खुणांमध्ये ५ फूट भरतात का पाहतो. मोठ्या आखणीत दोन्ही कर्ण मोजून ते सारखे आहेत का, हे तपासणे जास्त खात्रीचे असते.

गुंठा, आर आणि ब्रास

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा, १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ आहेत की बोलताना एकाच्या जागी दुसरा सहज येतो. एका आरमागे फरक जेमतेम सव्वा चौरस मीटर पडतो, पण १ हेक्टर म्हणजे १०० आर असले तरी गुंठे ९८.८४ च भरतात. दर गुंठ्याला लाखात असेल तर हा सव्वा गुंठा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

ब्रास हे माप महाराष्ट्रात बांधकामाशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते, पण त्याचे अर्थ दोन आहेत. वाळू, खडी, मुरूम, दगड यांचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, मीटरमध्ये २.८३ घनमीटर. प्लास्टर किंवा फरशीसारख्या पृष्ठभागाच्या कामाचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. दर ठरवताना कोणता ब्रास, हे उच्चारून आणि लिहून घ्यावे.

तिसरी अडचण फूट-इंचांची. खोलीची लांबी १२ फूट ६ इंच आली की पुष्कळ जण वहीत १२.६ लिहितात आणि तोच आकडा कॅल्क्युलेटरवर चढवतात. फुटात १२ इंच असल्यामुळे ६ इंच म्हणजे ०.५ फूट, आकडा १२.५ असायला हवा. ३ इंच म्हणजे ०.२५, ९ इंच म्हणजे ०.७५. खरी गडबड १० आणि ११ इंचांना होते: १० फूट ११ इंच हे १०.११ लिहिले तर जवळजवळ १० इंच गायब होतात. इंचांना आधी १२ ने भागायचे आणि मगच गुणाकाराला हात घालायचा.

फरशी आणि भिंत

१२ बाय १० फुटांच्या खोलीत २ बाय २ च्या फरश्या बसवायच्या आहेत. १२० भागिले ४, म्हणजे ३० फरश्या आणि वर थोडे वेस्टेज, असा हिशोब दुकानात तोंडी होतो. पण ज्या फरशीला आपण २ बाय २ म्हणतो ती प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची असते आणि दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. १२ फूट म्हणजे ३,६५८ मिलिमीटर. सहा फरश्यांनी ३,६०० झाकले जातात आणि ५८ मिलिमीटरची पट्टी उघडी राहते. १० फुटांच्या बाजूलाही पाच फरश्यांनंतर ४८ मिलिमीटर उरतात. दोन्ही भिंतींशी कापलेली पट्टी बसवावी लागणार, त्यासाठी आणखी फरश्या लागणार. एका फरशीतून अशा अनेक पट्ट्या निघतात, म्हणून चार-पाच जास्तीच्या फरश्यांत काम भागते. मात्र दोन इंचांची बारीक पट्टी डोळ्यांना खटकते. ती टाळायला जाणता कारागीर आखणी मधोमध सुरू करतो आणि दोन्ही बाजूंना रुंद तुकडे ठेवतो. मग प्रत्येक तुकड्यासाठी वेगळी फरशी कापावी लागते आणि गरज वाढते. क्षेत्रफळ किमान संख्या सांगते. खरी संख्या खोलीची आखणी कागदावर काढूनच कळते.

भिंतीचे क्षेत्रफळ काढताना चार वेगळे गुणाकार करू नयेत. चारही भिंतींच्या लांबीची बेरीज म्हणजे ४४ फूट, उंची १० फूट, एकूण ४४० चौरस फूट. दार ७ बाय ३ आणि खिडकी ४ बाय ४ चे ३७ चौरस फूट वजा केले की ४०३ उरले. छताचे १२० मिळवले की रंगाचे क्षेत्र ५२३ चौरस फूट. हा आकडा डब्यावर लिहिलेल्या प्रतिलिटर क्षेत्राने भागायचा आणि दोन हात द्यायचे असतील तर दुप्पट करायचा. वजावटीलाही नियम आहे. भारतीय मानकांप्रमाणे प्लास्टरच्या मोजणीत अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे छोटे झरोके वजा करत नाहीत, कारण कडा गुळगुळीत करण्याची मेहनत त्या जागेइतकीच असते.

स्लॅबची जाडी

२० फूट लांब, १५ फूट रुंद आणि ५ इंच जाड स्लॅब घेऊ. जाडी फुटांत आणली की ५ भागिले १२. म्हणून २० गुणिले १५ गुणिले ५ भागिले १२, म्हणजे १२५ घनफूट काँक्रीट.

हे तयार काँक्रीटचे घनफळ झाले. मालाची मागणी याच आकड्यावर दिली तर माल कमी पडतो. खडीच्या दाण्यांमधल्या पोकळीत वाळू शिरते, वाळूच्या पोकळीत सिमेंट शिरते आणि पाणी घालून दाबल्यावर सगळे आकसते. म्हणून तयार घनफळाला १.५४ ने गुणून सुट्या मालाचे घनफळ काढतात: १२५ गुणिले १.५४, म्हणजे १९२.५ घनफूट. मिश्रण १ : १.५ : ३ असेल तर एकूण भाग साडेपाच. एका भागाला ३५ घनफूट आले. म्हणजे सिमेंट ३५, वाळू साडेबावन्न आणि खडी १०५ घनफूट. ५० किलोची सिमेंटची गोणी साधारण १.२२ घनफुटांची असते, त्यामुळे २९ गोण्या, वाळू अर्ध्या ब्रासहून थोडी जास्त आणि खडी एक ब्रासहून थोडी जास्त लागेल.

आता या तीन मापांपैकी कोणते सर्वांत जपून मोजायचे? लांबीत एक इंचाची चूक झाली तर २४० इंचांत एक इंच, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. जाडीत एक इंचाची चूक झाली तर पाच इंचांत एक, म्हणजे थेट २० टक्के. सेंटरिंग एका बाजूला खचले आणि स्लॅब सरासरी सहा इंच झाला तर पाच-सहा गोण्या जास्त जातात आणि न मोजलेले वजन खांबांवर पडते. चार इंच झाला तर छताची ताकदच घटते. लांबी-रुंदीला सगळे जण काळजीने टेप लावतात. जाडीच्या खुणा मात्र काँक्रीट ओतण्याआधी पाच-सात ठिकाणी तपासल्या पाहिजेत. सर्वांत लहान माप सर्वांत जपून घ्यावे, हा नियम रस्त्याच्या मुरमाच्या थराला, प्लास्टरला आणि डांबरालाही लागू आहे.

ट्रॉलीतली वाळू

ट्रॅक्टरची ट्रॉली आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि फाळके २० इंच उंच असतील तर काठोकाठ भरल्यावर बरोबर १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास होतो. फाळके १८ इंच असतील तर ९० घनफूट. पाहणाऱ्याला दोन इंच दिसतही नाहीत, पण दर ट्रॉलीमागे दहावा भाग कमी येतो. मोजमाप आतून घ्यायचे, बाहेरून नाही. आणि वाळू सपाट करून मगच घ्यायचे.

त्यानंतर प्रश्न येतो ओलाव्याचा. किंचित ओली वाळू फुगते. प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून दूर राहतात. सुमारे पाच टक्के ओलाव्याला हे फुगणे २० ते ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. पूर्ण भिजलेली वाळू मात्र पुन्हा कोरड्या वाळूइतकीच जागा घेते. यामुळे जागेवर करता येण्यासारखी सोपी परीक्षा मिळते. काचेच्या सरळ बरणीत ओली वाळू भरा, उंची मोजा. मग पाणी ओतून वाळू पूर्ण बुडवा, काठीने ढवळा, बसू द्या आणि पुन्हा उंची मोजा. ५ इंचांची वाळू ४ इंचांवर आली तर ती पाव पटीने फुगलेली होती. तुमच्या १०० घनफुटांत खरी वाळू ८० घनफूटच आली. घमेल्याने मोजून मिश्रण करणाऱ्यालाही हे कळायला हवे, नाहीतर काँक्रीटमध्ये वाळू कमी पडते.

मातीचेही असेच आहे. जमिनीत घट्ट बसलेली माती खणून काढली की साधारण पाव पटीने वाढते, सुरुंगाने फोडलेला खडक दीडपटीच्या आसपास जातो. २० फूट व्यासाची आणि ४० फूट खोल विहीर म्हणजे ३.१४ गुणिले १० गुणिले १० गुणिले ४०, सुमारे १२५ ब्रास खोदकाम. काठावर पडणारा ढीग त्याहून कितीतरी मोठा असणार. खोदाईचा दर खड्ड्याच्या मापावर आणि वाहतुकीचा दर ढिगाच्या मापावर ठरवला तर कोणाचेच नुकसान होत नाही.

ढिगाचे गणित

जमिनीवर ओतलेल्या वाळूच्या ढिगात टेप खुपसून त्रिज्या मोजता येत नाही. राशिव्यवहारात यावर फार कामाचा उपाय आहे: ढिगाच्या तळाचा परीघ मोजा, त्याचा सहावा भाग घ्या, त्याचा वर्ग करा आणि उंचीने गुणा. परीघ ३६ फूट आणि उंची ४ फूट असेल तर ६ चा वर्ग ३६, गुणिले ४, म्हणजे १४४ घनफूट. शंकूच्या आजच्या सूत्राने उत्तर १३७.५ येते. जुन्या रीतीत पायची किंमत ३ धरलेली आहे, म्हणून ती पाच टक्क्यांच्या आत जास्त दाखवते. तोंडी अंदाजाला ती पुरेशी आहे. नेमके हवे असेल तर परिघाच्या वर्गाला उंचीने गुणून ३७.७ ने भागावे.

त्याच प्रकरणात उंचीही न मोजता ढीग मोजण्याची सोय आहे. जाड्या धान्याच्या राशीची उंची परिघाच्या दहाव्या भागाइतकी, बारीक धान्याची अकराव्या आणि कुसळाच्या धान्याची नवव्या भागाइतकी धरावी, असे तिथे सांगितले आहे. यामागचे निरीक्षण अचूक आहे. प्रत्येक सुटा पदार्थ स्वतःच्या ठरलेल्या उतारावरच स्थिर राहतो. दाणे जितके एकमेकांत अडकतात तितकी रास उभी राहते. वरचे तीन भाग त्याच क्रमाने कोनांत मांडले तर सुमारे ३२, ३० आणि ३५ अंश येतात. आजचे अभियंते वाळू-खडीसाठी हाच कोन मोजतात.

शेततळे: वरचे तोंड आणि खालचा तळ

महाराष्ट्रात २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना सुरू झाली आणि ३० बाय ३० बाय ३ मीटर हे माप घरोघरी पोहोचले. गुणाकार केला तर २,७०० घनमीटर होतात. पण शेततळ्याच्या बाजू उभ्या नसतात. माती ढासळू नये म्हणून त्यांना उतार देतात. एकास एक उतार असेल तर ३ मीटर खोलीला प्रत्येक बाजू ३ मीटर आत येते आणि तळ २४ बाय २४ मीटरचा उरतो.

खातव्यवहारातला नियम इथे जसाच्या तसा लावता येतो. तोंडाचे क्षेत्रफळ ९००. तळाचे ५७६. तोंड आणि तळ यांच्या बाजूंची बेरीज ५४, तिचे क्षेत्रफळ २,९१६. तिन्हींची बेरीज ४,३९२, भागिले ६ म्हणजे ७३२. त्याला ३ मीटर खोलीने गुणले की २,१९६ घनमीटर. एका घनमीटरमध्ये १,००० लिटर, म्हणजे २१ लाख ९६ हजार लिटर. ‘तीस-तीस-तीन’ ऐकून २७ लाख लिटरवर पिकाचे नियोजन करणाऱ्याला उन्हाळ्यात पाच लाख लिटर कमी पडतील. काठोकाठ भरल्यावरचा हा आकडा आहे. बाष्पीभवन त्यातून वजा व्हायचे आहे.

अस्तराच्या प्लास्टिक कागदाला घनफळाचा उपयोग नाही, तिथे क्षेत्रफळ लागते. तळ ५७६ चौरस मीटर. उताराची लांबी खोलीइतकी ३ मीटर नसून ४.२४ मीटर आहे, कारण ती तिरकी आहे. प्रत्येक बाजूची सरासरी रुंदी २७ मीटर, म्हणून एका बाजूला ११४.५ आणि चार बाजूंना ४५८. एकूण १,०३४ चौरस मीटर, शिवाय काठावरच्या चरात गाडायची पट्टी वेगळी. तोंडाचे ९०० चौरस मीटर धरून कागद आणला तर तो पुरणार नाही.

पाण्याचे मोठे हिशोबही असेच सुटतात. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, एवढे लक्षात ठेवले तर छतावरून किती पाणी मिळेल ते कोणालाही काढता येईल. पावसाळ्यात बातम्यांत येणारा क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट आणि टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर ११,५७४ क्युसेकचा विसर्ग २४ तास चालला की धरणातून एक टीएमसी पाणी गेले. सुमारे १०५ टीएमसीच्या कोयना धरणातून काही हजार क्युसेक सोडले म्हणजे नेमके किती, हे या एका भागाकाराने समजते.

मजुरीचे माप

महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यापासून कितीतरी सार्वजनिक कामांवर मजुरी खोदलेल्या मातीच्या मोजमापावर ठरत आली आहे. ३० फूट लांब आणि २ फूट खोल चर घ्या. तळ २ फूट रुंद आणि तोंड अडीच फूट. मोजणाऱ्याने तळाची रुंदी धरली तर १२० घनफूट लिहिले जातात. खरे काम १३५ घनफुटांचे झालेले असते. मजुरीचा नववा भाग एका चुकीच्या रुंदीत जातो आणि त्यात कोणी लबाडी केलेली असायलाच हवी असे नाही. खड्ड्याची मूळ पातळी नंतर कळावी म्हणून मधे मातीचा एक खांब न खणता ठेवण्याची पद्धत याचसाठी आहे. तो खांब तिथे उभा आहे तोवर खोलीबद्दल वाद होत नाही.

म्हणून मोजणी दोन्ही पक्षांसमोर व्हावी. आकाराची साधी आकृती काढावी, प्रत्येक मापापुढे एकक लिहावे, माल सैल मोजला की जागेवरचा हेही नोंदवावे आणि मगच गुणाकार करावा. खोदणाऱ्या मजुराला, वाळू घेणाऱ्या घरमालकाला आणि तळे बांधणाऱ्या शेतकऱ्याला स्वतःचा आकडा स्वतः काढता आला पाहिजे. त्यासाठी लागणारे गणित सातवी-आठवीतले आहे. ते येत असेल तर बिलावरच्या आकड्याला प्रश्न विचारता येतो आणि आपल्या कष्टाचे पूर्ण माप मागता येते.